खान्देशातले धबधबे: कोणत्या दिवशी जायचं, कुठे थांबायचं आणि कधी मागे फिरायचं

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या बहुतेक धबधब्यांना बारमाही पाणी नाही. वर माथ्यावर झड लागली की ते जागे होतात, आणि आठ-दहा दिवस उघडीप पडली की कड्यावर नुसत्या ओल्या काळ्या रेघा उरतात. त्यामुळे 'जुलै-ऑगस्टमध्ये जा' हा कोकण-घाटमाथ्यावर चालणारा सल्ला इथे अपुरा पडतो. इथे आठवडा, वार आणि वेळ, तिन्ही पाहून निघावं लागतं.

असं का, हे एकदा समजून घेतलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप कळतात. खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचं उत्तर टोक. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिकामे होऊनच आत शिरतात. धबधब्यांच्या माथ्यावरचं पाणलोट क्षेत्र लहान, नाले आखूड आणि खाली बेसाल्टचा कातळ. पाणी मुरायला जागाच नसते. वर तासभर दणकून पाणी पडलं की खालचा नाला बघता बघता भरतो आणि पाऊस थांबला की तितक्याच घाईने उतरतो. खाली ऊन असताना लोंढा येतो तो यामुळेच. धबधबा बघायला गेलेला माणूस समोरच्या धारेकडे बघत बसतो. लक्ष ठेवायचं ते तिच्या मागच्या माथ्यावर.

दिवस कसा निवडायचा

जूनचे पहिले पाऊस सोडून द्या. तहानलेली जमीन बरंचसं पाणी पिऊन घेते, उरलेलं गढूळ येतं, उन्हाळ्यात सैल झालेले दगड कड्यावरून सुटतात आणि या काळात विजाही जास्त पडतात. जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टअखेर पाण्याचा जोर सर्वांत जास्त. पण सगळ्यात चांगला काळ विचाराल तर पोळ्यापासून घट बसेपर्यंतचा. झरे लागलेले असतात, पाणी स्वच्छ असतं, गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं, बांधावर तेरडा फुललेला असतो आणि गर्दी जुलैपेक्षा कमी. मात्र या दिवसांतला पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो. सकाळी निरभ्र आभाळ, तीन वाजता काळंकुट्ट.

दोन-तीन दिवस झड लागली आणि ती उघडली, तर उघडल्यानंतरचा दुसरा दिवस धरा. पहिल्या दिवशी नाले अजून फुगलेले आणि रस्ते चिखलाचे असतात. दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसलेला असतो, धार मात्र भरलेलीच असते. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलात तर लहान धबधबे निराश करतील. पाऊस चालू असताना 'आत्ताच मजा आहे' म्हणून निघणं हा सर्वांत वाईट बेत. तेव्हा पाणी खूप असतं हे खरं, पण धुक्यात ते दिसत नाही आणि जवळ जाता येत नाही.

वेळ पक्की ठेवा. सूर्य उगवायच्या आत घर सोडायचं, नऊच्या आसपास धबधब्यापाशी, आणि दुपारी दोनला परतीला लागायचं. दोन म्हणजे दोन. डबा खायचा राहिला असेल तर वाटेत गाडी लावून खा. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम. श्रावणी सोमवारी जिथे महादेवाचं ठाणं आहे तिथे आणि नवरात्रात देवीच्या ठिकाणी धबधबा बाजूला राहतो, रांगच बघावी लागते.

अंदाज कोणत्या जिल्ह्याचा बघायचा

भली भली माणसं इथे चुकतात. चाळीसगावच्या पाटणादेवीला जाताना मोबाइलवर जळगाव जिल्ह्याचा अंदाज बघतात. पण पाटण्याच्या कड्यावरचा माथा कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पाणी तिकडे पडतं आणि उतरतं इकडे. ३१ ऑगस्ट २०२१ ला नेमकं हेच झालं. कन्नड घाटाच्या डोंगरांत अतिवृष्टी झाली, घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव शहर आणि आसपासची गावं पाण्यात गेली. म्हणून अजिंठ्याच्या रांगेतल्या कुठल्याही धबधब्यासाठी जळगावबरोबर छत्रपती संभाजीनगरचाही इशारा बघा. यावल-रावेर-चोपड्याच्या बाजूला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो, तेव्हा खरगोन आणि बुऱ्हाणपूरचं हवामान बघा. तोरणमाळ-धडगावसाठी बडवानी. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यासाठी नवापूर आणि नाशिकच्या बागलाणकडचं.

भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' ॲपवर जिल्हावार रंग दिलेले असतात. हिरवा आणि पिवळा असताना जाता येतं, पिवळ्यात मात्र नाला ओलांडावा लागेल अशी जागा नको. नारिंगी किंवा लाल दिसला की बेत रद्द, मग सगळ्यांच्या रजा मंजूर झालेल्या असोत. आकडेही माहीत असू द्या. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून पुढे 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस धरतात. विजेसाठी 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, डोंगरात रेंज जाण्याआधी एकदा उघडून बघा.

या सगळ्यापेक्षा पक्का अंदाज शेवटच्या गावात मिळतो. गाडी थांबवा आणि विचारा. चाळीसगाव-साक्रीकडे अहिराणीत 'भाऊ, वर पानी पडना का?' एवढं पुरतं. सातपुड्यात पावरी, भिल्ली, तडवी बोली चालतात, पण मराठी सगळ्यांना कळते. 'काका, रात्री वर पाऊस होता का? नाला उतरला का?' हे दोन प्रश्न विचारा. समोरचा 'आज नका जाऊ' म्हणाला तर वाद घालू नका. त्याची गुरं त्याच नाल्यापलीकडे चरतात.

जिल्हाधिकारी पावसाळ्यात धोकादायक ठिकाणी जायला बंदी घालतात. ती दरवर्षी आणि जागेनुसार बदलते, म्हणून आदल्या दिवशीचं स्थानिक वर्तमानपत्र बघून घ्यावं.

पाटणादेवी आणि अजिंठ्याची रांग

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाटणादेवीपासून सुरुवात करावी. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर. चाळीसगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर असल्याने गाडी नसलेल्यालाही जमतं. जागा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, तेव्हा वनविभागाच्या नाक्यावर नोंद करूनच आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यायचं. चंडिकादेवीच्या मंदिराभोवती अर्धवर्तुळाकार कडा आहे. भरपावसात त्यावर पाच-सात ठिकाणी धारा सुटलेल्या दिसतात. नाव असलेले धवलतीर्थ आणि केदारकुंड. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर मंदिराच्या परिसरातूनच बघा, तिथून दृश्य काही कमी नाही. केदारकुंडाची वाट नाल्यातून आणि झाडीतून जाते, दगड निसरडे असतात, आणि परतताना तोच नाला पुन्हा ओलांडावा लागतो हे जातानाच ध्यानात ठेवावं. वाट दाखवायला गावातला माणूस घ्या, आधी पैसे ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच द्या.

वाटेत यादवकाळातलं महादेवाचं हेमाडपंती मंदिर आहे, ते चुकवू नका. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख याच पाटण्यात आहे. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ साली उजेडात आणला. धबधबा बघून आलेल्या दहांतल्या नऊ जणांना हे ठाऊक नसतं.

नकाशाचा एक घोळ इथे आणि अजिंठ्यालाही होतो. मोबाइलवर धबधब्याचं नाव टाकलं की तो कधी कड्याच्या माथ्यावर नेतो, कधी पायथ्याशी. दोन्हींमध्ये अंतर हवेत काहीशे मीटर, रस्त्याने मात्र तासाभराचं. निघण्याआधी ठरवा: खालून बघायचं की वरून. खालचा रस्ता हवा असेल तर नकाशात मंदिर किंवा गाव टाका, धबधबा टाकू नका. माथ्यावर कठडा नसतो, गवताखाली कडा कुठे संपतो ते दिसत नाही, आणि गवत ओलं असताना ते चटईसारखं सरकतं. माथ्यावर गेलातच तर काठापासून किमान दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर सोडा.

अजिंठ्याचा सप्तकुंड धबधबा जळगावकरांना सर्वांत सोपा. जळगावहून नेरी, पहूर करत फर्दापूर साधारण ६० किलोमीटरच्या आत. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात. तिथून एसटीची बस लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर नेते. सोमवारी लेणी बंद, हे विसरून दरवर्षी कितीतरी गाड्या परत फिरतात. वाघूर नदी एकाखाली एक सात कुंडांतून उतरते आणि नालेच्या आकाराच्या दरीत कोसळते. लेण्यांच्या शेवटच्या टोकाकडे चालत गेलात की धार समोर येते. इथे पायवाट, कठडा, माणसं सगळं आहे, म्हणून कुटुंबाला न्यायला ही जागा बरी. वरच्या कुंडांपाशी मात्र जाऊ नये. रांजणखळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात, आत पडलेल्याला धरायला काही नसतं, आणि एकातून सुटलं तर पुढचं कुंड तयारच असतं. दरीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरून धबधबा आणि लेणी एकत्र दिसतात. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथला लेणी दिसली ती त्या बाजूनेच. एक दिवस हाताशी असेल तर सकाळी आधी व्ह्यू पॉइंट आणि मग लेणी असा क्रम ठेवा.

सातपुडा

मनुदेवी यावल-चोपडा रस्त्यावरच्या आडगावजवळून उत्तरेला डोंगरात आहे. खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, म्हणून रस्ता सगळ्यांना माहीत. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मंदिराजवळच कड्यावरून पडणारी धार. जागा सुरेख आहे आणि फसवीही. मंदिर नाल्याच्या काठाशी, दरी चिंचोळी. वर पाणी वाढलं तर पसरायला जागा नाही, आणि बाहेर पडायची वाटही त्याच नाल्याच्या कडेने. आभाळ उत्तरेला काळं दिसलं की दर्शन आटोपून निघायचं. यावल अभयारण्य हाच डोंगर धरून आहे, त्यामुळे वनविभागाचे नियम इथेही लागू. रावेर तालुक्यातलं पाल थंड हवेचं ठिकाण म्हणून आणि सुकी नदीच्या धरणासाठी चांगलं. धारांसाठी मुद्दाम जाण्यासारखं नाही.

तोरणमाळ एका दिवसात करू नका. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत घाटाने वर जायचं. उंची अकराशे मीटरच्या वर, पावसाळ्यात धुकं असं की गाडीचा बोनेट दिसेनासा होतो. धबधबा सीताखाईत पडतो. खाई खोल आहे, तो कठड्यापाशी उभं राहून बघायचा, खाली उतरायचा नाही. दिवसा धुकं असेल तर थांबा. बऱ्याचदा वारा सुटला की पाच मिनिटं पडदा बाजूला होतो आणि पुन्हा मिटतो. मुक्काम असेल तर अशा दोन-तीन संधी मिळतात, नसेल तर एकही नाही. यशवंत तलाव वाटेवरच आहे. पेट्रोल शहाद्यात भरून घ्या, रोख पैसे ठेवा.

धडगाव तालुक्यातल्या बिलगावची बाराधारा खान्देशातल्या सगळ्यांत देखण्या जागांपैकी एक आहे. उदई नदी कातळाच्या रुंद कठड्यावरून अनेक धारांनी पडते. लांबचा, वळणांचा रस्ता, रेंज नाही, दवाखाना दूर. नवख्याने पहिल्याच पावसाळ्यात इथे जाऊ नये. तळोद्याची वाल्हेरी आणि अक्कलकुव्याकडच्या डाब-देवगोई घाटातल्या धारा त्यामानाने सोप्या. घाटातल्या धारांपाशी वळणावर गाड्या लावू नका, खाली येणाऱ्या जीपला ब्रेक लावायला जागा राहत नाही.

धुळेकरांना शहराजवळचं लळिंग कुरण आहे, मुंबई-आग्रा महामार्गावर दहा-बारा किलोमीटर. धबधबा छोटा आणि फक्त मोठ्या पावसानंतरचा. अर्ध्या दिवसात होतो, पायांची परीक्षा घ्यायला ठीक. साक्री तालुक्यात आमळीच्या बाजूची अलालदरी मोठी आहे, दरी खोल आहे. तिथे वरून बघण्यातच शहाणपण आहे.

बरोबर काय घ्यायचं

बूट. बाकी सगळं नंतर. तळव्याला खोल खाचा असलेले, मऊ रबराचे, पायाला घट्ट बसणारे. चपला आणि प्लास्टिकची पावसाळी सँडल चिखलात राहून जातात, तळ झिजलेले स्पोर्ट्स शूज शेवाळावर साबणासारखे सरकतात. जीन्स घालू नका. भिजली की दीड-दोन किलो जड होते, पाय उचलत नाही आणि दिवसभर वाळत नाही.

दोरी घ्या. वीस मीटर, आठ-दहा मिलिमीटर जाडीची, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी निळी किंवा पिवळी प्लास्टिकची. ती पाण्यावर तरंगते. नायलॉनची बुडते आणि दगडात अडकते. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट बंद केलेला पाण्याचा कॅन तिच्या टोकाला बांधला की फेकायला वजन मिळतं आणि बुडणाऱ्याला धरायला तरंगतं काहीतरी मिळतं. चेंगरलेली बाटली चालणार नाही.

माणशी दोन-तीन लिटर पिण्याचं पाणी. धबधब्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वर गुरं चरतात. मोबाइल, किल्ल्या, पैसे यांना खताच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिक पिशवी उत्तम, दोनदा पीळ देऊन रबर लावायचं. महागड्या वॉटरप्रूफ पाऊचपेक्षा ती जास्त भरवशाची. क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्टी, शिट्टी, टॉर्च, एक कोरडा जोड कपड्यांचा गाडीतच ठेवलेला. जेवायला दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. भाजी-आमटी सांडते, दही आंबतं. कळण्याची भाकरी सकाळी मऊ आणि दुपारी चिवट होते, दशमी दुसऱ्या दिवशीही खाता येते.

दारू नको. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवा. निसरड्या कातळावर तोल हीच एक गोष्ट हातात असते.

गाडी आणि काळी माती

डांबर संपलं की खान्देशातली काळी माती सुरू होते. कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की चिकटते. दुचाकीच्या चाकाला ती थरावर थर बसते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि शंभर मीटरवर चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती खरवडत बसावं लागतं. डांबर जिथे संपतं तिथेच गाडी लावून पुढे चाला. चारचाकी रस्त्याच्या कडेला उतरवताना चाकाखाली मुरूम किंवा खडी आहे हे उतरून बघा. हिरवं गवत दिसतं म्हणून जमीन घट्ट असते असं नाही, उलट गवताखाली पाणी साचलेलं असतं. रुतलीच तर एक्सलेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. पुढच्या चाकांखाली फांद्या, दगड, पायपुसणी घालून पहिल्या गिअरमध्ये हळू काढा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. साधारण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी लहान कार उचलायला पुरतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्यांना. पाण्याखाली फरशीचा एखादा तुकडा वाहून गेलेला असू शकतो, तो वरून दिसत नाही. एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही, एसटीचं वजन वेगळं. दोन-तीन तास थांबलं की नाला उतरतो.

पाण्यापाशी

पोहोचल्याबरोबर पाण्यात शिरायचं नाही. आधी दहा मिनिटं काठावर बसा. पाण्याच्या कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा एक ओळखू येणारा दगड ठेवा. दर दहा मिनिटांनी तो बघा. दोन बोटं पाणी वर चढलं की सगळ्यांना बाहेर काढा, चर्चा नंतर. पाणी वाढण्याआधी आणखी खुणा मिळतात. स्वच्छ पाणी चहासारखं होतं. पालापाचोळा आणि काटक्या एकदम वाढतात. धारेचा आवाज घुमणारा, जड होतो. तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट येतो. यांतली एक खूण दिसली तरी पुरे. धारेचा आवाज मोठा असतो, हाक ऐकू जात नाही, म्हणून शिट्टी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे बाहेर, हे आधी ठरवून घ्या.

प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब असंच मध्ये अडकलं आणि लोंढ्यात पाच जण गेले. मधला खडक पाणी कमी असताना बाकासारखा वाटतो. पाणी चढलं की त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट बंद होते.

कुंडात उडी मारू नये, पोहता येत असलं तरी. धार जिथे पडते तिथे पाण्यात हवा मिसळून फेस होतो, अशा पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. धारेचं पाणी तळाशी जाऊन परत वळतं आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढतं. बेसाल्टच्या कठीण थराखालचा मऊ थर पाण्याने कोरला जातो, त्यामुळे कड्याखाली पोकळ्या असतात. काल मोकळं असलेलं कुंड आज दगड-झाडांनी भरलेलं असू शकतं. भिजायचंच असेल तर कुंडाच्या खाली, प्रवाह पसरून गुडघ्याच्या आत आलेल्या जागी बसा. थेट धारेखाली उभं राहू नका. पाण्याबरोबर दगडही येतात आणि त्यांचा आकार वरूनच ठरून येतो.

कातळाचा रंग बघायला शिका. कोरडा करडा दगड पकड देतो. ओला पण खडबडीत चालतो. काळा चकचकीत म्हणजे पातळ शेवाळाचा थर, हा हिरव्यापेक्षा वाईट, कारण हिरवं शेवाळ निदान दिसतं. पाऊल सपाट टेकवा, टाच आधी टेकवू नका. उतरताना लाज न बाळगता बसून सरका.

नाला ओलांडावाच लागला तर गुडघ्यापर्यंतच. वेगाने वाहणारं घोट्याच्या वरचं, पंधरा सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उडवू शकतं. सर्वांत चिंचोळी जागा नको, तिथे वेग जास्त असतो. रुंद, उथळ जागा शोधा आणि तिच्या खालच्या बाजूला धबधबा किंवा कुंड नाही याची खात्री करा. बूट काढू नका. पाठपिशवीचे पट्टे सैल करा. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून, तोंड वरच्या दिशेला करून, एका वेळी एकच पाऊल आडवं टाका. दोरी कुणाच्याही कंबरेला बांधू नका. घसरला तर पाण्याचा जोर त्याला दोरीवरच खाली दाबून धरतो.

पलीकडे अडकलात तर तिकडेच थांबा. उंचावर जा, काठापासून दूर बसा. आखूड नाले काही तासांत उतरतात, त्यांच्याशी घाई करणाऱ्यांचेच अपघात होतात. ११२ ला फोन लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७, जंगलातल्या अडचणीसाठी वनविभागाचा १९२६. रेंज नसेल तर दोघांना रस्त्याकडे पाठवा, एकट्याला नाही. वाहून जाणाऱ्याने पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवायचे आणि तिरपं काठाकडे सरकायचं. मध्येच उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकतो. काठावरच्याने उडी न मारता कॅन बांधलेली दोरी त्याच्या थोडी पुढे फेकायची आणि स्वतः बसून ओढायची.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आला तर गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच थांबा. एकटं झाड आणि पाणी, दोन्हींपासून दूर.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. सिगारेट, शेकोटी, फटाके आणि उग्र अत्तर, सगळं तिथे घातक. दगडांच्या फटीत हात घालू नका, गवतात काठी आपटत चाला. घोणस आणि फुरसं ओल्या दिवसांत वाटेवर येतात. चावा झालाच तर चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करू नका. माणसाला स्थिर ठेवून सरकारी रुग्णालय गाठा, सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे असतं.

फोटोबद्दल थोडं

अजिंठ्याच्या रांगेचे कडे उत्तरेकडे तोंड करून आहेत, सकाळी उशिरापर्यंत सावली असते. तिथे ढगाळ दिवस चांगला. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर ऊन येतं. सूर्य पाठीमागे आणि तुषार समोर असले की इंद्रधनुष्य दिसतं, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे बघायचं. धार रेशमासारखी हवी असेल तर मोबाइल दगडावर टेकवून प्रो मोडमध्ये शटर पाव ते अर्धा सेकंद ठेवा. लेन्सला कोरडं सुती फडकं. वस्तीतल्या बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वेफर्सच्या पिशव्या घरी न्या. अभयारण्यात स्पीकर लावणाऱ्यांवर कारवाई झाली तर वाईट वाटायचं कारण नाही.

परत निघताना

पाण्यातून गेलेल्या दुचाकीचे ब्रेक ओले असतात आणि ओले ब्रेक पकडत नाहीत. घाट उतरायच्या आधी सपाट रस्त्यावर, वेग कमी ठेवून, ब्रेक हलकेच दाबत शंभर-दोनशे मीटर चालवा म्हणजे ते सुकतात. उतारावर दुसरा गिअर. पायांना खरचटलं असेल तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावा. चिखल-पाण्यातून गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं सुरू झालं तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं सांगा, लेप्टोस्पायरोसिसची तपासणी ते करतील. आणि ज्याला सकाळी घरी सांगून निघाला होता, त्याला डांबरी रस्त्याला लागल्याबरोबर फोन करा. शेवभाजीचा ढाबा त्यानंतर.